मागच्या सीटचा आवाज

रविवार, २ फेब्रुवारी

लिहायला फार उशीर झाला, राग नसावा. शेवटची नोंद थंडी पडायच्या आधीची आहे आणि आता थंडी संपत आली. कुणाची माफी मागतो आहे कोण जाणे. वही माझीच, वाचणाराही मीच. पण फार दिवस गप्प राहिलं की बोलण्याआधी घसा खाकरावा लागतो, तसं हे.

मुलीचा फोन आला. आईला कायमचं आमच्याकडे पाठवा म्हणते. तिच्याकडे खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे आणि हिचे गुडघे दुखतात. तुम्ही दोघंही या, असंही म्हणाली, पण ते तोंडदेखलं. मी हिला विचारलं तर 'बघू' म्हणाली. लग्न झाल्यापासून ही 'बघू' म्हणाली आणि ती गोष्ट झाली नाही, असं कधी घडलेलं नाही. छातीत धडधड. गोळी घेतली.

हिला इथे काय कमी आहे? लाउडस्पीकरचा धंदा बंद केल्यापासून मी दिवसभर घरात असतो. सकाळच्या चहापासून तिच्याशी बोलतो. एकटं म्हणून वाटू देत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उपाय सापडला. आंघोळ करताना सुचला.

लग्न ठरलं तेव्हा हिला कबूल केलं होतं की मोटारसायकलवर बसवून समुद्र दाखवीन. राहून गेलं. आमच्या धंद्यात लोकांच्या सुट्टीच्या दिवशीच कामं. तर आता जायचं. दोघांच्या हेल्मेटमध्ये माईक आणि स्पीकर बसवायचा. म्हणजे वाटेत वारा असो, ट्रक असो, घरात बसल्यासारखं बोलता येईल. परत येईपर्यंत 'बघू'चं 'नाही जात' झालं पाहिजे. २ मार्चचा रविवार पक्का केला. हिला सांगितलं. ती म्हणाली, आधी गाडी चालू होते का बघा.

गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे 'सायलेन्सर' म्हणतात, कारण त्याच्या तोंडाला तो नाही. म्हणाला, काका, तयार सेट मिळतो, हेल्मेटला चिकटवायचा आणि मोबाइलला जोडायचा, कशाला खटाटोप. मी म्हटलं, सातवीपर्यंतच शिकलो असेन, पण जन्मभर माईक लावले. सभा, लग्नं, शाळांचे कार्यक्रम. माणसाच्या घशापासून दुसऱ्याच्या कानापर्यंतचा सगळा रस्ता माझा. यावर तो वयाबद्दल काहीतरी बोलायला लागला. तू फक्त क्लचचं बघ, असं सांगून आलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सेट तयार. जुन्या हेडफोनचे चपटे स्पीकर कानांपाशी, कॉलर माईक हनुवटीपाशी. छोटा ॲम्प्लिफायर साबणाच्या डबीत घालून टाकीवर पक्का केला. गाडीच्या बॅटरीवर लावला तर इंजिनची घरघर येते, म्हणून वेगळे सेल. ते माझ्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला. जड झालं आहे, पण मान मजबूत होईल.

डबीला दोन नॉब. लाल माझ्या आवाजाचा, काळा हिच्या आवाजाचा. दोन्ही माझ्या हाताशी. बोलणाऱ्याच्या हाती नॉब द्यायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. एका अध्यक्षांनी भाषणात स्वतःच आवाज वाढवला होता. पहिल्या रांगेतलं तान्हं मूल कार्यक्रम संपेपर्यंत रडत होतं.

चाचणी पलंगावर घेतली. मी पुढे, ही मागे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. ती 'हॅलो' म्हणाली. स्वच्छ. मग म्हणाली, उठू का, दूध वर येईल. तेही स्वच्छ. मी म्हटलं, थांब, अजून एकदा बोल. दूध गेलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

रस्त्यावर पहिली फेरी. नाक्यापर्यंत जेमतेम. माझा आवाज तिच्या स्पीकरमधून तिच्या माईकमध्ये, तिथून माझ्या कानात, असं फिरून शिट्टी वाजते. सभेत वाजते तशीच, फक्त डोक्याच्या आत. काळा नॉब तात्पुरता शून्यावर आणला, शिट्टी बंद. आता आतून फोम लावायचा आणि मग नॉब परत वर करायचा. साधं काम.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन्ही हेल्मेटना आतून जाड फोम लावला. शिट्टी गेली ती गेलीच. साधी खरखरसुद्धा नाही. फोमचा गुण. बाहेरचंही काही ऐकू येत नाही. एवढा स्वच्छ सेट मी आयुष्यात बांधला नव्हता. धूळ जाऊ नये म्हणून नॉबसकट अख्खी डबी काळ्या टेपने गुंडाळली.

रविवार, १६ फेब्रुवारी

खऱ्या अर्थाने पहिली फेरी. जुन्या दगडखाणीपर्यंत गेलो आणि आलो.

ही एक शब्द बोलली नाही.

आधी घाबरलो. मग लक्षात आलं, हे माईकचं भय. घरात तासन्‌तास भांडणारा माणूस माईकपुढे आला की त्याची जीभ टाळूला चिकटते. शेकड्यांनी पाहिले आहेत. त्यावर औषध एकच, 'बोला, बोला' म्हणायचं नाही. आपण शांत राहायचं. तो आपोआप सुटतो. म्हणून मीही तोंड मिटलं. फार जड गेलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, खाणीबद्दलच किती तरी.

उतरल्यावर ती 'बरं वाटलं' म्हणाली. संध्याकाळी न मागता चहा आणून दिला आणि कप ठेवताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. सेटचा परिणाम दिसू लागला आहे, अजून तोंड उघडलं नसलं तरी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुसरी फेरी. तोंडात खोकल्याची गोळी धरून ठेवली, म्हणजे बोलण्याचा मोह नको. तिच्याकडून तरीही काही नाही. रस्ता वाईट. सेलच्या वजनाने माझी मान सारखी खालीवर होत होती, नंदीबैलासारखी. मध्ये एकदा तिने पाठीवर थोपटलं. वेग कमी केला.

घरी आलो तर हिचे डोळे लाल. धुळीने. हेल्मेटला पुढची काच बसवली पाहिजे.

दुपारी मुलीशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं होतं, पण माझे कान धंद्यातले. 'हल्ली सगळं ऐकून घेतात गं, मध्ये एक शब्द बोलत नाहीत,' असं म्हणाली. जावयांबद्दल असावं. सुधारले वाटतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सायलेन्सरने विचारलं, दोन्हीकडून आवाज येतो ना काका, चालत्या गाडीवर बघितलं का? मी म्हटलं, पलंगावर बघितलंय. त्याने यावर जो विनोद केला तो वहीत लिहिण्यासारखा नाही. परत त्याच्याकडे जायचं नाही असं ठरवलं. क्लचची तार त्याच्याकडेच राहिली आहे, तेवढी आणायची.

बुधवार, २६ फेब्रुवारी. दुपार

अक्षर वाकडं येईल.

तिसरी फेरी. समुद्राच्या आधीची शेवटची. खाणीच्या अलीकडे तिने पुन्हा पाठीवर थोपटलं. मी वेग कमी केला. पुन्हा थोपटलं, आणखी कमी केला. मग तिने हात काढून घेतला. मला वाटलं, आता वेग बरोबर झाला.

पुढच्या वळणावर खाणीतला ट्रक. हॉर्न वाजवला म्हणे. फोम इतका चांगला बसला आहे की मला कळलं नाही. उजवा आरसा गेला, लेग गार्ड वाकला. आम्ही पडलो नाही. तिने माझा शर्ट मागून इतका घट्ट धरला होता की दोन बटणं तुटली.

गाडी बाजूला घेतली. ट्रकवाला खाली उतरून आईबापावरून बोलत होता. तिने हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा.

"मी किती ओरडले. ऐकू आलं नाही का तुम्हाला?"

आता काय सांगणार? नाही म्हटलं असतं तर सेट गेला, समुद्र गेला आणि हिचा माझ्यावरचा भरवसाही गेला. शिवाय तो ट्रकवाला ऐकत होता. मी म्हटलं, आलं की.

"सगळं ऐकू येत होतं?"

"सगळं. शेजारी बसून बोलल्यासारखं."

"आजचंच नाही. आधीचंही?"

मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. सेट कुणी बांधलाय.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. ट्रकवालासुद्धा बोलायचा थांबला. मग 'बरं' म्हणाली आणि हेल्मेट घातलं. परतीच्या वाटेवर तिने मला धरलं नाही, मागची दांडी धरून बसली.

घाबरली आहे. साहजिक आहे. नवा आरसा लावला की विसरेल. रविवारचा बेत कायम.

शनिवार, १ मार्च

ही बॅग भरते आहे. मनातून हायसं वाटलं. जायला तयार आहे म्हणजे राग गेला.

मात्र भरते आहे फार. कॅरिअरवर एकच छोटी बॅग मावेल, असं मी तीनदा सांगितलं. तरी गुडघ्याचे पट्टे, दुसरा चष्मा, स्वेटर, आईचा फोटो. मी म्हटलं, समुद्रावर दमट हवा असते, फोटोला बुरशी येईल. ती काही बोलली नाही. मग ओट्यापाशी उभी राहून डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मीठ, साखर, डाळ. मी म्हटलं, दोन दिवसांत मीठ कुठे जातंय. त्यावरही काही नाही.

माईकचं भय आता घरातही शिरलं आहे की काय.

रविवार, २ मार्च

सकाळी मी अंगणात बॅगेसाठी रबरी दोऱ्या बांधत होतो. हेल्मेट घालूनच, म्हणजे तिच्यासाठी थांबायला नको. मान वर केली तर फाटकाशी जावयांची गाडी. जावई बॅगा उचलून डिकीत ठेवत होते. मला वाकून नमस्कार केला. सगळं ठरल्यासारखं. मीही ठरल्यासारखा उभा राहिलो. चार माणसांत काय विचारायचं?

ती आली. सकाळच्या गोळ्या डावीकडे, रात्रीच्या उजवीकडे, दूध उद्यापासून अर्धा लिटर, असं सांगितलं असावं. बोटांनी दाखवत होती त्यावरून समजलं. मग गाडीत बसली, काच खाली केली आणि आणखी काहीतरी म्हणाली. फोममुळे नीट कळलं नाही. मी हात हलवला.

गाडी वळेपर्यंत ती मागे बघत होती.

हवापालट हवा होता तिला. आठ दिवसांत कंटाळेल. तोवर लेग गार्ड सरळ करून घ्यायचा.

गुरुवार, ६ मार्च

मुलीचा फोन. मी विचारलं, आई कंटाळली का? ती म्हणाली, आई फार बोलत नाही.

मग एकदम भडाभडा बोलायला लागली. म्हणे, आईने तुम्हाला गाडीवर सगळं सांगितलं होतं. घरात तुमच्या बोलण्याखाली दडपून जायला होतं, हे सांगितलं. कधीपासून ते सांगितलं. तरी तुम्ही मध्ये न बोलता ऐकलंत, मान डोलावलीत, म्हणून किती खूश होती. बाबा बदलले म्हणत होती. एकटीने यायचं तिच्या मनात नव्हतंच. खाणीपाशी तिने तुम्हाला विचारलं, दोघं मिळून जाऊ या का, तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही जात. तुम्ही फक्त गाडी हळू केलीत. तिने परत विचारलं. तुम्ही आणखी हळू केलीत.

मग म्हणाली, "बाबा, ऐकू आलं नव्हतं का हो तुम्हाला? तसं असेल तर सांगा. मी आईला देते फोन."

मी म्हटलं, लाइन खराब आहे, खरखर येते आहे. आणि ठेवून दिला.

लाइन स्वच्छ होती.

रविवार, ९ मार्च. सकाळ

टेप सोडवली. काळा नॉब शून्यावर.

रस्त्याच्या हादऱ्यांनी फिरला असणार. अशा नॉबचा हा दोष असतोच. मी परत वर केला होता, असं मला जवळजवळ आठवतं.

आता पूर्ण वर केला. माझं हेल्मेट घातलं आणि हिचं मागच्या सीटवर ठेवलं. एवढंसं काहीही ऐकू येतं. नळाचं थेंबथेंब पाणी, शेजारच्यांची भांडी, फाटकाची कडी. फार नाजूक माईक आहे. ती हळू बोलली असती तरी पोचलं असतं. श्वाससुद्धा पोचला असता.

दोन्ही हेल्मेट जवळजवळ असूनही शिट्टी वाजली नाही. मी काही बोलतच नव्हतो ना.

फोन तीन वेळा हातात घेतला. काय सांगायचं ते पाठ केलं, नॉब हादऱ्याने फिरला. पण मग ती विचारणार, सगळं ऐकू आलं म्हणालात ते काय होतं? त्याचं उत्तर अजून जुळलेलं नाही. उद्या जुळेल. उद्या नक्की फोन करायचा. सायलेन्सरकडूनही करवता येईल, तो बोलेल माझ्या वतीने.

तोवर हे तुलाच लिहितो, वहीत का होईना. खाणीपाशी काय विचारलंस ते एकदा परत विचार. मी मध्ये बोलणार नाही. गाडीच्या खिडकीतून काय म्हणालीस तेही सांग. येऊ का ते कळव. यायचं नसेल तर तेही कळव. सेल नवे घातले आहेत, काळा नॉब पूर्ण वर आहे, हेल्मेट डोक्यावरच आहे. मी ऐकतो आहे. लवकर कळव.