सहा जणांचा एक घड्याळजी

प्रति,
मा. वंशनोंद अधिकारी,
मूळ रहिवासी विभाग, बेट कार्यालय.

विषय : अर्जदार हा घड्याळजी नसून स्वतःच असल्याबाबत व धक्क्यावरील तीन नंबरची कडी परत मिळण्याबाबत.
संदर्भ : बेटाच्या वंशपाहणीचा अहवाल व माझे नाव मूळ रहिवाशांतून कमी केल्याचे आपले पत्र.

महोदय,

मानवजातीचा इतिहास महासागरांनी लिहिला, असे आपल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर म्हटले आहे. आमच्या बेटाचा मात्र एका घड्याळजीने थुंकून लिहिला, हे सविनय निदर्शनास आणतो.

१. अर्जदार होड्या बांधतो. नऊशे वर्षांपूर्वी अकरा माणसे इथे वाहत आली आणि आम्ही सगळी त्यांचीच पिलावळ, असे अहवाल सांगतो. ते आम्हाला ठाऊकच होते. इथे कोणाच्याही कानाकडे पाहिले की आत्याची आठवण येते.

२. पाहणी पथक थुंकीचे नमुने घ्यायला आले त्या दिवशी मी होडीच्या फटी बुजवत होतो आणि डांबर तापलेले होते. बेटाची जुनी रीत अशी, की रांग कसलीही असो, कामातल्या माणसासाठी रिकामा माणूस उभा राहतो. त्या दिवशी रिकामा एकच होता : महिन्यातून एकदा पलीकडून येणारा घड्याळजी. परतीच्या बोटीला तीन तास होते. कामात अडकलेल्या आम्हा सहा जणांची नावे सांगून तो सहा नळ्यांत थुंकून आला. "तोंडाला कोरड पडली, चहा तरी पाजा," एवढेच म्हणाला.

३. सहा नमुने तंतोतंत एक आणि त्या अकरांपैकी कोणाशीच न जुळणारे! अहवालात 'उत्क्रांतीची अभूतपूर्व झेप' असे प्रकरण आले. दोन विद्वान घरी येऊन माझा जबडा मोजून गेले. मला राहवेना, खरे काय ते लेखी कळवले. आपण चौकशी करून थुंकी घड्याळजीचीच असल्याचे मान्य केलेत, आणि त्यावरून आम्ही सहाही जण घड्याळजीच आहोत, असा निर्णय दिलात.

४. धक्क्याला होडी बांधायची लोखंडी कडी मूळ रहिवाशांनाच मिळते. पणजोबांपासूनची आमची कडी त्यामुळे गेली. फेरतपासणी मागितली, तर आपले कारकून म्हणतात, "तुमची झालीय ना एकदा? आता दुसऱ्याची कशी घेऊ?" मी घड्याळजी नसल्याचा दाखला घड्याळजीकडून आणला, तर स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही केल्याचा ठपका माझ्यावर आला.

५. बायको म्हणते, "घड्याळजी तर घड्याळजी! भिंतीवरचं दोन वर्षं बंद आहे, तेवढं चालू करा." थोरली बहीण रांगेत स्वतः गेली होती, ती अस्सल अकरांतली निघाली. "मग मी तुझी कोण रे?" तिने विचारले. आपल्या पत्रात उत्तर शोधले. सापडले नाही.

तरी माझी थुंकी नव्याने घ्यावी; या वेळी डांबर उतरवून जातीने येईन. ते नियमात बसत नसेल तर कडी द्यावी. तेही जमत नसेल तर होडी सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधली आहे, ओहोटीला दोर ताणून गज वाकतात. निदान पाच मीटर दोर मंजूर व्हावा.

आपला नम्र, आणि अजून तरी स्वतःचाच,
(सही)
होडीवाला, धक्क्यालगतचे शेवटचे घर
दिनांक : ७ मार्च

ता. क. मी कामात असल्याने अर्ज घेऊन माझा शेजारी रांगेत उभा आहे. पोच त्याच्याकडे द्यावी. कृपया त्याला मी समजू नये.