मैमूनाचं माप

प्रिय तेक्बेर,

फोनवर बोलले असते, पण आमच्या घरात मी फोन कानाला लावला की चार बायका जवळ सरकून बसतात. शिवाय हल्ली बोलता बोलता मध्येच थांबून दम घ्यावा लागतो. म्हणून तुझ्या किफा गावाला येणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देते आहे.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेले आणि तुझी फार आठवण झाली. डॉक्टरीण तरुण आहे, आपल्याच भागातली. तिने मला आधी काट्यावर चढवलंच नाही. भिंतीला टेकवून उंची घेतली, मग अंगावर गुंडाळलेला मलहफा बाजूला सारून कमरेला टेप लावली. म्हणाली, “कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, ताई. तुमची उंचीला भिडायला आलीय.” मी हसून म्हटलं, “आमच्याकडे ह्याला घराण्याची अब्रू म्हणतात.” ती हसली नाही. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली.

लग्नाआधी पोरींना जाड करायचा तो तंबू तुला आठवत असणारच. म्हातारी अंधारात उठवून उंटिणीच्या दुधाचा लाकडी वाडगा तोंडाला लावायची. तू ओकायचीस आणि ती तुला ओकलेलंच परत प्यायला लावायची. नको म्हटलं की दोन काठ्यांमध्ये पायाची बोटं धरून आवळायची. त्या काठ्यांच्या भीतीने मी पीत राहिले. शेवटी तुझ्या आईला निरोप गेला, “ही पोरगी काही भरत नाही, घेऊन जा.” तू गाढवावर बसून निघालीस तेव्हा पोरी मागून ‘काडी, काडी’ ओरडत होत्या. माझ्या दंडावरची कातडी ताणून तिच्यावर रेघा उमटल्या, तेव्हा म्हातारीने शेजारच्या बायका बोलावून तो दंड दाखवला. आई आनंदाने रडली. त्याच हिवाळ्यात माझं सिदातीशी लग्न लागलं. तुला कोणी मागणी घातली नाही, तू सुईणीचं काम शिकलीस. आज तू सगळं किफा पायी हिंडतेस आणि मी न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरते.

माझी मैमूना दवाखान्यात माझ्याबरोबर होती. माझंही माप घ्या, म्हणून तिने हट्टच धरला. डॉक्टरणीने तिची उंची घेतली, कंबर घेतली आणि मला म्हणाली, “हिचं छान आहे. हिला अशीच वाढू द्या.” वाटेत पोरगी भेटेल त्याला सांगत होती, “माझं छान आहे.” पाववाल्यालासुद्धा सांगितलं.

मग सासूबाई आल्या. चहाचा पहिला पेला व्हायच्या आत त्यांनी तिला जवळ ओढलं आणि अंगठा नि बोट तिच्या दंडाभोवती घातलं. बोटं एकमेकांना टेकली.

“सल्का, हा दंड आहे की तंबूची खुंटी?”

मी डॉक्टरणीचं म्हणणं सांगितलं.

“डॉक्टरीण हिला नवरा आणून देणार आहे का? तुझे दंड बघून मी तुला सून केली. ह्या पोरीला बघून लोक म्हणतील, बाप परदेशात आणि इथे घरात उपासमार. सुट्टीभर हिला मी माझ्याकडे नेते.”

मी लास पाल्मासला सिदातीला फोन लावला. तो म्हणाला, “पाऊस झालाय, दूध भरपूर आहे, शाळेला सुट्टी आहे. राहू दे आईकडे. पोरीचं बरंच होईल.” त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच तसं वाटतं.

सकाळी गाडी आली. मैमूनाला वाटलं, आजीची कोकरं बघायला चाललोय. मी अंथरुणावरून उठून दारापर्यंत आले तोवर गाडी वळली होती. तिने मागच्या काचेतून हात हलवला. मला हाक मारायची होती, पण छातीत हवाच उरली नव्हती.

तेक्बेर, सासूबाईंचा तळ किफाच्या उत्तरेला, जुन्या विहिरीपाशी आहे. तू तिकडे बाळंतपणं करायला जातेस, तुला कोणी अडवणार नाही. पोरी भरवणारी एक बाई त्यांनी तिथे आणून ठेवली आहे, हे मला कालच कळलं. तू उद्याच जा. सांग, आई आजारी आहे, पोरीला बोलावलंय. त्यात खोटं काही नाही. मैमूना म्हणेल, आजी रागावेल, मी राहते. तिचं ऐकू नकोस. आणि तिला इकडे माझ्याकडे पाठवू नकोस, तुझ्याजवळच ठेव. तिथल्या शाळेत घाल. माझं हृदय हा हिवाळा काढेल असं डॉक्टरणीला वाटत नाही. घरात अजून कुणाला हे सांगितलेलं नाही. माझ्यामागे ती ह्या घरात राहिली तर पुन्हा त्याच तंबूत जाईल. सिदातीशी मी बोलेन, तेवढा दम राहिला तर. मैमूनाला दूध आवडतं. सकाळी एक पेला दे, मागितला तर आणखी दे. नको म्हणाली तर आग्रह करू नकोस.

तुझीच,
सल्का