मीठा बंद

आई, तुझी पणती डॉक्टरकी शिकते आहे. काल सुट्टीची घरी आली, ओट्यावर चढून बसली आणि मला विचारते, “आजी, कल सुबह से काय काय खाल्लंस?” तिचं मराठी असंच, अर्धं बनारसी. मी म्हटलं, “पोळी-भाजी.” तर म्हणे, “पोळ्या किती? तूप किती? चहात साखर?” अगं, पोलीस बरे! त्यांना आता शिकवतात म्हणे, पेशंटला जेवणाखाण्याचं कसं विचारायचं, त्याच्या घरात शिजतं त्यातलंच काय खा म्हणून सांगायचं. कॉलेजात डाळसुद्धा शिजवायला लावली. हिची करपली. मी इतकी हसले की कवळी सांभाळावी लागली.

तू माझ्या बाळंतपणाला बनारसला आलीस ती इथेच राहिलीस. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना धापा टाकायचीस, सारखी तहान तहान करायचीस. मी बाळंतीण, म्हणून शेजारीण तुला दवाखान्यात घेऊन गेली. ती बसली बाहेर, आत तू एकटी. आल्यावर म्हणालीस, “लघवीत काहीतरी निघालंय, मीठ बंद.” डॉक्टर म्हणाला होता, “मीठा बंद.” तुझ्या कानांना हिंदी नवीन. तू निष्ठेनं मीठ सोडलंस, आणि अळणी आमटी घशाखाली उतरेना म्हणून तोंडी लावायला गूळ घ्यायचीस! पुढच्या खेपेला तो ओरडला, “माताजी, आप परहेज नहीं करतीं!” घरी येऊन पदरात तोंड खुपसून रडलीस, “पथ्य पाळत नाही म्हणे! इतकं अळणी गिळलं गं मी.” तेव्हा कुठं घोळ कळला. आपण दोघी हसलोसुद्धा. पण पायाला ठेच लागून झालेली जखम तोवर चिघळली होती, ती काही भरून आली नाही, तुला घेऊनच गेली. त्यानं एकदा नुसतं विचारायचं होतं, माताजी, खाता काय?

ही गोष्ट मी नातीला लहानपणी भरवताना सांगायचे. आणि परवा तिच्या वॉर्डात काशीयात्रेला आलेली, साताऱ्याकडची म्हातारी! मोठे डॉक्टर “मीठा बंद” म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. ही मागं थांबली. “आजी, मीठ नाही हं, गोड बंद. गूळपण.” म्हातारी म्हणाली, “आगं बया, म्या तर आळणीच खानार हुते!” मग हिनं बसून तिला सगळं विचारलं, भाकरी कशाची, किती, चहा कितीदा. सांगताना पोरीचा चेहरा असा फुललेला की मी उठून मीठमोहऱ्यांनी दृष्टच काढली.

माझं अक्षर वेडंवाकडं, आणि हे धाडू तरी कुठं? पण तिला सांगता येणार नाही ते तुला सांगते. आनंद झाला, खूप झाला. तरी दृष्ट काढताना मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. ती बरी होऊन आपल्या लेकीकडे परत जाईल ना.