हिचचा ठराव

रविवार, ६ जुलै

मतदान घेतलं! हिच कुठला बसवायचा यावर मतदान! माझ्याच घरात, माझाच चहा पीत आणि माझाच चिवडा चघळत मंडळाच्या कमिटीने हात वर करून ठरवलं की ट्रेलरला वळायला जागा लागत नाही. सात विरुद्ध दोन. ठराव मंजूर. टाळ्या.

डोकं नुसतं भणभणतंय. लिहून काढते, म्हणजे निदान भांडी आपटायची वाचतील.

मंडळाला गणपतीच्या मिरवणुकीसाठी एक स्टेज-ट्रेलर मिळालाय. बाजूची भिंत खाली सोडली की स्टेज होतं, ढोल-ताशे आतच राहतात. झकास आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण हा कॅरॅव्हॅनसारखा गाडीच्या मागे गोळ्याला अडकवायचा ट्रेलर नव्हे. ह्याची मान पिकअपच्या हौद्यात येऊन बसते. हौद्यात एक जाड प्लेटचा हिच बसवायचा, फिफ्थ व्हील म्हणतात त्याला, आणि ट्रेलरची पिन त्याच्या जबड्यात लॉक करायची. ट्रेलरच्या मानेचं सगळं ओझं तिथे पडतं. म्हणून हिच मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर हवा, नाहीतर किंचित पुढे. मागे नाही. कधीच नाही!

आणि ह्यांनी पिकअप घेतली कुठली? डबल कॅब! का, तर "पाचजण बसतील." पाचजण बसतात म्हणजे कॅब लांब, म्हणजे हौदा आखूड. आखूड हौद्यात हिच ॲक्सलवर आला, की वळताना ट्रेलरचा कोपरा थेट कॅबच्या मागच्या काचेत. ह्यावर उपाय आहे – सरकता हिच. वळायच्या आधी मागे सरकवायचा, वळून झालं की पुढे आणून पुन्हा लॉक. कटकट आहे, जड आहे, पण तोच लागतो. हे सगळं मी ट्रे हातात धरून, उभ्याने सांगितलं. मला कुणी बस म्हणालं नाही, कारण मी कमिटीत नाही. मी अध्यक्षांची बायको!

"वहिनी, आपल्याला कुठे वळायचंय? मिरवणूक सरळच तर जाते!" – हे सतीश. उपाध्यक्ष. आयटीत मॅनेजर. कुणा ओळखीच्याकडे एक साधा, न सरकणारा हिच बघून ठेवलाय त्याने.

सरळ जाते म्हणे! ब्रिस्टलमध्ये! दर शंभर पावलांवर राउंडअबाउट नाहीतर चढ!

माझ्या बाजूने दोन मतं. माझी मैत्रीण उल्का, तिचं, आणि उल्काने डोळे वटारले म्हणून तिच्या नवऱ्याचं. माझ्या नवऱ्याचा, शशिधरचा हात सतीशच्या हाताबरोबर वर गेला. बघितलं मी.

आणि त्या काचेला पाठ लावून बसणार कोण? ढोलपथकातली पोरं. म्हणजे आमची लेक उर्वी.

सोमवार, ७ जुलै

शशिधर म्हणतो, "तू जरा गोड शब्दांत सांगितलं असतंस तर लोकांनी ऐकलं असतं."

हा भूल देणारा डॉक्टर. मी विचारलं, थिएटरमध्ये पेशंटच्या घशात नळी किती आत घालायची यावर हात वर करायला सांगतोस का?

"ते वेगळं असतं, सुप्रभा."

काय डोंबल वेगळं असतं!

गुरुवार, १० जुलै

दिवसभर ऑफिसात विमानाच्या पंखावर ताण कुठे येईल, तडा कुठून जाईल ते सांगते. तेवीस वर्षं सांगतेय. मोठमोठे लोक माना खाली घालून लिहून घेतात. घरी आले की मी मोदक एक्स्पर्ट. आजच सतीशचा मेसेज – "वहिनी, यंदा उकडीचे दोनशे होतील ना?"

होतील हं! तूही वळायला ये!

रविवार, १३ जुलै

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुठ्ठ्याचा पिकअप आणि पुठ्ठ्याचा ट्रेलर करून उर्वीला दाखवला. टाचणीची पिन. फिरव म्हटलं. तिने फिरवला, कोपरा कॅबमध्ये घुसला. दिसतंय ना?

"आई, तू प्रत्येक गोष्टमध्ये फॉल्ट का काढते? सतीशकाकाने सगळा रिसर्च केला आहे. आणि बाबा ड्राइव्ह करणार आहे. बाबा मला डेंजरमध्ये बसवणार आहे का?"

एकोणीस वर्षांची आहे. बापावर विश्वास आहे तिचा. असायलाच हवा.

शनिवार, १९ जुलै

वर्कशॉपला गेले. शशिधरला ऑन-कॉल, म्हणून सतीशबरोबर मी. फिटर प्रश्न विचारणार सतीशला, उत्तर देणार मी, तो पुढचा प्रश्न पुन्हा विचारणार सतीशला! टेनिस बघितल्यासारखं झालं. शेवटी मी हौद्यात चढले, टेप लावला आणि ॲक्सलची रेघ खडूने मारून दिली. मग जरा माझ्याकडे बघून बोलायला लागला.

त्यानेही विचारलं, स्लायडर, म्हणजे सरकता हिच, का नाही घेत? सतीश छाती काढून, इंग्रजीत – कमिटीचा ठराव झालाय. फिटरला वाटलं कुठली तरी सरकारी कमिटी असावी. बिचाऱ्याने पाना उचलला.

हिच ॲक्सलच्या वर बसवून दिला त्याने. खाली दोन रूळ आहेत, त्यांत खाचा आहेत, म्हणजे हिच काढून दुसऱ्या खाचेत बसवता येतो. जाताना एवढं म्हणाला, जपून वळा, नाहीतर काच जाईल.

आता सतीशचा चेहरा उतरला! मी सांगितलं तेव्हा काच फुटत नव्हती. गोऱ्या माणसाने सांगितलं आणि काच फुटायला लागली!

रविवार, २७ जुलै



पुन्हा मीटिंग. काचेचं काय करायचं. मला वाटलं, चला, आली अक्कल, आता सरकता हिच घेतील. आणि अध्यक्षमहाराज उठले. घसा साफ केला. "सुप्रभाला काच वाचवायची आहे. सतीशने हिच आणलाच आहे. मग आपण मधला मार्ग काढू. हाच हिच मागच्या खाचेत घेऊ. काचही वाचेल, हिचही राहील. दोघांचंही मन राखलं जाईल."

मन! हिचला मन असतं का? ॲक्सलला मन असतं का?

हिच ॲक्सलच्या मागे नेला की ट्रेलर पिकअपचं शेपूट हवं तिकडे ढकलणार. पुढची चाकं हलकी, मागच्या ॲक्सलवर जास्तीचा भार. वळताना ब्रेक लावला की मागून असा रेटा येईल की गाडी आडवी होईल. साधा हिच जागेवर असता तर काच गेली असती. सरकता असता तर काहीच गेलं नसतं. ह्यांनी तिसरंच शोधून काढलं, सगळ्यात वाईट, आणि एकमताने मंजूर केलं. उल्कासुद्धा! "अगं, तुझ्यासाठीच तर केलं," म्हणते.

मी ओरडले. हो, ओरडले. सगळ्यांसमोर. सगळे चिवड्याच्या वाटीत बघत बसले. एकजण म्हणाला, "वहिनींना बरं नाहीये का?"

शनिवार, २ ऑगस्ट

चौघांनी मिळून ड्राइव्हवेत हिच उचलून मागच्या खाचेत नेला. मग पूजा. फिटरने प्लेटला ग्रीस लावून दिलं होतं, ते लागतंच, त्यावरच ट्रेलरची मान फिरते. सतीशला ते घाण वाटलं. भांडी घासायच्या लिक्विडने चकचकीत पुसून काढलं आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक! नारळ फोडला. "गणपती बाप्पा मोरया!" शेजारची म्हातारी खिडकीतून हात हलवत होती.

बाप्पा, तुझ्यावर राग नाही माझा. पण ह्यांना जरा दे रे काहीतरी डोक्यात.

सगळे गेल्यावर मी ग्रीसचा डबा घेऊन गेले आणि प्लेटला परत ग्रीस लावलं. स्वस्तिकासकट. पाप लागायचं तर लागो.

रविवार, १० ऑगस्ट

पहिली ट्रायल, रिकामा ट्रेलर. शशिधर खूश होऊन आला. "स्टीअरिंग किती हलकं लागतंय गं! एका बोटाने वळते गाडी!"

मी विचारलं, का हलकं लागतंय माहीत आहे? पुढची चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत म्हणून!

"झालं तुझं सुरू," म्हणाला आणि बागेत निघून गेला. रिकाम्या ट्रेलरला ही तऱ्हा. आत स्टेज आणि पथकाचे सगळे ढोल भरल्यावर काय?

गुरुवार, १४ ऑगस्ट

उर्वीला बजावलं – त्या गाडीत बसायचं नाही. बस्स.

"तू मला सांगू नाही शकत. माझा पूर्ण पथक बसणार आणि मी एकटी बसने येऊ? यू आर सो एम्बॅरसिंग, आई! त्या मीटिंगचा व्हिडिओ पण आहे कुणाकडे तरी."

दार आपटलं. माझ्यासारखंच आपटते.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज ओरडले नाही. शशिधरच्या समोर बसले आणि गोड शब्दांत सांगितलं, त्याला हवं होतं तसं. मिरवणुकीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. पण भरलेल्या ट्रेलरची ट्रायल घ्याल तेव्हा उर्वी आत नको. एवढंच. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हण.

"शप्पथ काय गं, लहान मुलांसारखी. नाही बसवणार. प्रॉमिस."

बरं वाटलं. जेवले नीट.

शनिवार, २३ ऑगस्ट

लिहिता येईल का बघते.

भरल्या ट्रेलरची ट्रायल होती, एव्हनमाउथला, सतीशच्या मित्राच्या गोदामाच्या यार्डात. मला बोलावलं नव्हतं. मी गेलेच. रात्री पाऊस पडलेला, सगळं ओलं. यार्डात शिरायला एक उतार आहे, खाली डावीकडे वळायचं आणि समोर काँक्रीटची भिंत. मी पोचले तेव्हा पिकअप उताराच्या तोंडाशी होती. मागच्या दाराच्या काचेतून मला तिची वेणी दिसली. भगवा फेटा, त्याखाली वेणी. उर्वी. मागच्या सीटवर, दाराला लागून.

मी पळाले. चपला घालून आले होते, एक तिथेच राहिली. थांब, थांब, ओरडत होते. ढोलाच्या सरावाचा आवाज लावला होता गाडीत, कोण ऐकतंय! शशिधरने खाली येऊन वळवली आणि ब्रेक लावला. आणि मी मीटिंगमध्ये ओरडून सांगितलं होतं, अगदी तसंच झालं. ट्रेलर थांबेचना. त्याने मागून रेटलं आणि पिकअपचं शेपूट गर्रकन बाहेर गेलं. पुढची चाकं वळलेली, गाडी मात्र आडवी घसरत भिंतीकडे.

थांबली. भिंत आणि उर्वीच्या बाजूचं दार यांत माझा हात जेमतेम गेला असता.

कुणाला काही झालं नाही. कुणालाच नाही. हे मी पुन्हा पुन्हा लिहितेय.

दार उघडेना, ती पलीकडच्या बाजूने उतरली. मला घट्ट धरून उभी राहिली. लहानपणी डॉक्टरकडे सुई टोचताना धरायची, तशी. सतीश खाली वाकून चाकं बघत होता. "टायरमध्ये हवा कमी असणार," म्हणाला! मी उरलेली चप्पल काढली. उल्काने माझा हात धरला, नाहीतर आज मंडळाचा उपाध्यक्ष गेलाच होता.

शशिधर स्टीअरिंग धरून आत बसून होता. पांढराफटक.

रविवार, २४ ऑगस्ट

तातडीची मीटिंग. सरकता हिच, ॲक्सलच्या वर, एकमताने. भाड्याने एक मिळतोय, सोमवारी बँक हॉलिडे, म्हणून मंगळवारी बसवतील. नोंद अशी झाली – "उपाध्यक्ष सतीश यांच्या सूचनेवरून." मी वाचलं आणि हसले. खरंच हसले. हसता हसता ठसका लागला. सतीशने पाणी आणून दिलं. "वहिनी, सांभाळून!"

रात्री उर्वी शेजारी येऊन झोपली. म्हणाली, "आई, सॉरी. तू राइट होती." मी म्हटलं, झोप. मग विचारलं, बाबाने बसवलं का तुला? की तू हट्टाने बसलीस? "मी म्हटलं मला बसायचं आहे. सतीशकाका म्हणाला, अरे बसू दे ना, सगळे बसले आहेत. मग बाबा म्हणाला ओके."

प्रॉमिस मोडलं, ते सतीशच्या एका वाक्यावर. पण मी मनाशी म्हटलं, त्याला कळत नाही त्यातलं. डॉक्टर आहे, इंजिनियर नाही. खरंच वाटलं असणार त्याला की मी उगाच घाबरते. कळतच नाही, त्या माणसावर किती रागवायचं? घाबरलाय तोही. बोलेन नीट त्याच्याशी.

मंगळवार, २६ ऑगस्ट

नवा हिच बसला. मी स्वतः खेचून बघितला, लॉक बघितलं, हळूहळू वळवूनही बघितली गाडी. काचेला धक्का नाही. चहा करून शशिधरपुढे बसले, म्हटलं, झालं ते झालं.

त्याने माझा हात धरला. "एक सांगू? तू बरोबर आहेस हे मला पहिल्याच मीटिंगला कळलं होतं. अगदी स्पष्ट. पण सतीशला सगळ्यांसमोर तोंडघशी कसं पाडायचं, सांग?"

माझी समजूत काढायला म्हणाला हे! मला बरं वाटावं म्हणून!

कळलेलं होतं. मागच्या खाचेत हिच नेला तेव्हाही कळलेलं होतं. आणि तरी उर्वीला म्हणाला, ओके.

मी हात काढून घेतला. आज मला ओरडताच आलं नाही.