हिरवा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ. ऑफिसातून आल्या आल्या.

आज मंजुळाक्कांनी माझी माफी मागितली. माझी!

डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी लॉग फाइल भरत आल्याचे इशारे सारखे यायचे, म्हणून गेल्या महिन्यात मीच वैतागून तिच्या आकाराची मर्यादा काढली. 'अनलिमिटेड' करून टाकलं. इशारे थांबले, जिवाला बरं वाटलं. पण मर्यादाच नाही म्हटल्यावर मॉनिटरिंगचं टूल टक्के कशाचे काढणार? ते आपलं 'सगळं ठीक'चा हिरवा ठिपका दाखवत बसलं. डिस्कसाठी वेगळा इशारा लावायचा, तोही मी लावला नाही. आज दुपारी लॉगनं डिस्क गच्च भरली, सिस्टीम बंद पडली. ठिपका तेव्हाही हिरवाच.

स्क्रीनवर नजर ठेवायचं काम मंजुळाक्कांचं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "झोपला होतात का?" तिकडे लांब आनेकलहून बस बदलत येऊनही रोज वेळेआधी खुर्चीत असतात त्या. मी शेजारीच उभा होतो. का नाही तोंड उघडलं?

निघताना म्हणाल्या, "सॉरी हं, माझ्यामुळे तुमची धावपळ झाली. पण मला हिरवाच दिसत होता हो."

मी काय म्हणावं? "असू दे अक्का, होतं असं."

म्हणजे वर मी त्यांना माफही करून आलो.