साडीतून दिसेल का

बाबा, चामड्याच्या दुकानात मी अजून पाऊल ठेवत नाही. माझी पाठ उजवीकडे वाकत चालली होती, तेव्हा तुम्ही काटोलच्या बाजारात बैलांचे साज करणाऱ्याकडून माझ्यासाठी पट्टा शिवून आणलात, काखेपासून कमरेपर्यंत. संत्र्याचं कलम कललं की बांबू लावून सुतळीनं आवळायचं. मुलीचंही तसंच असेल असं तुम्हाला वाटलं. तुम्ही पाठीत गुडघा टेकवून बक्कलं ओढायचात आणि ओसरीवर जाऊन सांगायचात, "पाहा, कशी सरळ झाली माही पोरगी." आत कातडी सोललेली. घाम आणि तेलकट चामडं यांचा आंबूस वास माझ्या ताटापर्यंत यायचा. मला माझ्याच अंगाची शिसारी यायची. विहिरीवरून येताना मी धापा टाकत टेकले की आत्या म्हणायची, "नखरे करून राहिली."

धाप वाढली तेव्हा नागपूरला नेलंत. तिथे दवाखान्यात श्वास मोजायला पाण्यात पालथा ठेवलेला डबा होता. नळीत फुंकलं की तो वर चढायचा. माझ्या फुंकीनं जेमतेम हलला. "जोरानं फुक ना वं, घरी तर लय तोंड चालते तुहं," तुम्ही म्हणालात आणि शिकाऊ डॉक्टर हसले. मोठ्या डॉक्टरांनी पट्टा काढायला लावला, जरा बसवलं, पुन्हा फुंकायला सांगितलं. डबा सरसर वर गेला. मग एक्स-रे धरून ते सावकाश बोलले: कणा वाकतो तशा बरगड्याही पिळतात, एका बाजूचं फुप्फुस दबतं, वाढत्या वयात त्याला पसरायला जागा हवी, आणि उरलेली जागा हा पट्टा खातोय. पुन्हा बांधू नका. बांधत राहिलात तर धाप जन्माची होईल.

मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही विचारलंत, "पट्टा काढला तर साडीतून कुबड दिसन का जी?"

डॉक्टर उठले. त्यांनी खिडकी उघडली.

रविवारी पाहुणे येणार होते. आईला मी डॉक्टरांचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "काहून बांधून राहिले? डॉक्टर नाही म्हणाले ना?" तुम्ही म्हणालात, "एका दिवसानं मरत नाही कोणी." पोह्यांचा ट्रे धरून मी उभी, आणि नाव सांगून गाव सांगेपर्यंत श्वास संपला. मुलाची आई म्हणाली, "पोरीले दमा आहे वाटते." मग पुढचे पाहुणे, त्यापुढचे. लग्न ठरेपर्यंत पट्टा सुटला नाही. आता चाळिशी उलटली, शेजारणीशी बोलत चालता येत नाही. एक तर बोलते, नाहीतर चालते.

तुमची कीव यावी म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. किळसच येते. मुली विचारतात, आजोबांनी असं का केलं? मी सांगते, "साधे शेतकरी होते, डॉक्टरांचं बोलणं त्यांना कळलं नाही." हा कागद त्यांच्या हाती लागण्याआधी मी फाडून टाकीन, कारण तुम्हाला सगळं कळलं होतं. नागपूरहून परतताना बसमध्ये तुम्ही स्वतःच मला म्हणाला होतात, "डॉक्टर काय म्हणाले ते आईले सांगू नको."