हसणाऱ्या खलनायकांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट पूर्ण, चौतीस वर्षे दातांच्या कवळ्या बनवून आता घरी बसलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावावरच्या रागात एक मृत्युपत्र केले होते, ते या कागदाने रद्द झाले. त्यात भावाला जी विशेषणे लावली होती तीही मागे घेते.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या एकुलत्या एक लेकीला. ती बस चालवते, पहाटे उठते. तिने रस्त्याकडची खोली निजायला घेऊ नये, मागची घ्यावी. मागच्या खोलीचे दार पावसाळ्यात फुगते. ते खांद्याने ढकलावे, लाथेने नको.

कलम २. लेकीच्या वडिलांना काहीही देऊ नये. लेक चार वर्षांची असताना त्यांनी मला विचारले होते, "या बाहुल्या हव्यात की मी?" मी विचार करायला दोन दिवस मागितले. तेवढ्यात ते गेले. त्यानंतर घरात दोन कपाटांची जागा झाली, हे मान्य करायला हवे. ते कधी दारात आलेच तर त्यांना चहा द्यावा, साखर कमी घालून.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि घासकामाचे यंत्र, कवळ्यांच्या कारखान्यात माझ्या जागेवर बसणाऱ्या बाईंना. सर्वात लहान सुरीची मूठ मी माझ्या अंगठ्याप्रमाणे घासली आहे. पहिले काही महिने ती त्यांना बोचेल. टाकून देऊ नये.

कलम ४. माझ्याकडे चित्रकथांतल्या खलनायकांच्या दोनशे अकरा ॲक्शन फिगर आहेत. नायक एकही नाही. याचे कारण सगळेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. लहानपणी चित्रकथा हातात पडली की भाऊ आधी नायक होऊन मोकळा व्हायचा आणि मला उरलेले पात्र मिळायचे. रोज हरून हरून मला हरणाऱ्याची बाजू आवडू लागली. पुढे धंद्यात पडल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नायकाचे तोंड कायम मिटलेले असते. खलनायक मात्र हसतो, आणि हसला की दात दिसतात. कोणा कारागिराने तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत सहा दात कोरलेले पाहिले आणि मी खेळण्यांच्या दुकानातून हलेनाच.

काजळसम्राट या खलनायकाच्या चार आवृत्त्या माझ्याकडे आहेत. पहिलीत सांधे सात, अंगरखा कापडी, दात सुटे सुटे कोरलेले. दुसरीत सांधे अकरा झाले, पण दातांच्या जागी नुसती पांढरी पट्टी. तिसरीचा जांभळा रंग विटका. चौथीत दात परत आले, पण सुळे पटाशीच्या जागी बसवलेले. असल्या जबड्याने सम्राटाला सफरचंदही चावता येणार नाही. अशा सगळ्या तुलना मी व्हर्नियरने मापे घेऊन निळ्या वह्यांत लिहिल्या आहेत.

चित्रकथांचे सर्व अंक भावाला. सहा वर्षांपूर्वी माझे घर रंगवताना त्याने माझे चार पुतळे जुन्या खेळण्यांत टाकून कोणाला तरी देऊन टाकले. मी त्याला नको नको ते बोलले. तो तीन दिवस दारोदार फिरला आणि तीन पुतळे घेऊन आला. "ताई, चौथा एका पोरीकडे आहे," तो म्हणाला, "पण ती त्याला कुशीत घेऊन झोपते. मला काही मागवेना." मलाही मागवला नसता.

कलम ५. हे कलम मी दुसऱ्यांदा लिहीत आहे.

चष्मेवाले हे पुतळे जमवण्यातले माझे सव्वीस वर्षांपासूनचे प्रतिस्पर्धी. जुन्या बाजारात डॉक्टर गंधकाचा एकच पुतळा होता आणि त्यावर आम्हा दोघांचे हात एकदम पडले. "मी आधी पाहिला," ते म्हणाले. "पाहिला तुम्ही असेल, धरला मी," मी म्हणाले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यांच्या टेबलावर पुतळे शेजारी शेजारी उभे करून भांडतो. ते सांध्यांच्या बाजूचे, मी दातांच्या.

बारा वर्षांपूर्वी ते चहा टाकायला आत गेले आणि त्यांच्या संग्रहातली राणी गोम माझ्या हातून पडली. जबड्याचे दोन तुकडे झाले. मी तुकडे मुठीत धरले आणि "मापं घ्यायचीत, आठवडाभर नेते," असे म्हणून तिला पिशवीत घातले. घरी कवळीच्या ॲक्रिलिकचा नवा जबडा ओतला. मूळचे दात आठ होते. माझा हात थांबला नाही, दहा झाले. चष्मेवाल्यांना ते नंतर दिसले. त्यांना वाटले, आपल्याकडे दुर्मीळ आवृत्ती आहे आणि आपण इतकी वर्षे आंधळेच होतो. त्यांनी संग्राहकांच्या पत्रकात तिच्यावर लेख लिहिला. लांबून लांबून माणसे बघायला आली. मी गप्प बसले.

यंदा वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात खोटे वर्णन चालत नाही. माझ्या वहीत तर त्या राणीचे दहा दात मूळचे म्हणून नोंदले होते. म्हणून मी जाऊन चष्मेवाल्यांना सगळे सांगितले. त्यांनी माझी छत्री आणून माझ्या हातात दिली. पुढचे तीन पहिले रविवार मी घरीच काढले, आणि माझ्याकडची आठ दातांची राणी भरपाई म्हणून त्यांना द्यावी, असे हे कलम लिहिले. चौथ्या खेपेला तेच माझ्या दारात आले.

"मला तुमची राणी नको."

"अस्सल आहे. दात मोजून घ्या."

"आठ दातांच्या ढिगाने आहेत. दहा दातांची एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे." मग त्यांचा आवाज चढला. "राग तुटल्याचा नाही हो. बारा वर्षं मी त्या कारागिराची तारीफ करत होतो. तुम्ही समोर बसून बिस्किटं खात होतात. एकदा तरी 'आभारी आहे' म्हणायचं!"

मी म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. त्याच आठवड्यात त्यांनी पत्रकाला दुरुस्ती पाठवली आणि जबड्याखाली माझे नाव छापून आणले. म्हणून माझे दीडशे पुतळे, निळ्या वह्या आणि व्हर्नियर चष्मेवाल्यांना. वह्यांतल्या माझ्या मतांवर त्यांनी खाडाखोड करू नये, समासात लिहावे.

कलम ६. दुसरी प्रत असलेले साठ पुतळे, मी कवळ्या पुरवत असे त्या दातांच्या दवाखान्यातल्या बाकाशेजारी ठेवावेत, काचेआड नको. एकदा तिथे एक मुलगी तोंड उघडेना. मी तिला डॉक्टर गंधक दिला आणि म्हटले, "याचे किडलेत बघ. तुझे याच्यापेक्षा बरे आहेत का?" तिने लगेच दाखवले. हात मोडले, रंग उडाला तरी चालेल.

कलम ७. एक पुतळा उरतो. मागच्या रविवारी मी हा मसुदा लेकीला वाचून दाखवला. "आई, ही भुतावळ माझ्या गळ्यात मारू नकोस," हे तिचे पहिल्यापासूनचे म्हणणे. तरी तिने हिशोब केलाच. "दीडशे आणि साठ. दोनशे अकरावा कुठाय?"

मी सरसेनापती शिसे काढून दिला. मऊ प्लास्टिकचा, उजव्या पोटरीवर चार खळगे.

"हे कुणी केलं?"

"तू. दहा महिन्यांची होतीस. वरचे दोन, खालचे दोन."

तिने निळी वही उघडून त्याची नोंद शोधली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिले आहे : 'अवस्था उत्तम. वरच्या दोन दातांत थोडी फट.' लेकीने त्या ओळीवर बोट ठेवले. मग तिने दातांवरून जीभ फिरवली.

"फट अजून आहे," ती म्हणाली.

सरसेनापती शिसे लेकीला. त्याचा पाय कोणीही दुरुस्त करू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, मला पटला. ज्यांना काही मिळायचे आहे त्यांनी साक्षीला बसू नये असे वकीलबाईंनी सांगितल्यामुळे चष्मेवाले बाहेर पायरीवर थांबले आहेत.

सही : माझी, निळ्या शाईत

साक्षीदार : १. शेजारचे शिंपीकाका (सही)
२. वकीलबाई (सही)

स्थळ : माझ्या स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी अकरा वाजता